गिलाव्याआधीची भिंत



मागच्या पावसाळ्यात आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीचा गिलावा एका दुपारी धाडकन खाली आला. पाटाएवढा तुकडा, अख्खाच्या अख्खा. त्याच जागी रोज दादीची खाट असते. त्या दिवशी पाऊस आला म्हणून खाट आत घेतली होती, एवढेच.

गिलावा दोनच वर्षांचा होता. तुकडा उलटा करून पाहिला, तर मागे हिरव्या ऑइलपेंटचा पापुद्रा चिकटून आलेला. सिमेंट चांगले होते, वाळूही चांगली होती. चूक खालच्या रंगात होती.

या भिंतीवर घरातल्या तीन लग्नांचे रंग होते. अब्बांच्या लग्नाला निळीचा चुना, फुफीच्या लग्नाला डिस्टेंपर, भाईजानच्या लग्नाला ऑइलपेंट. जुना रंग कधीच खरवडला नाही. गिलाव्याच्या वेळी मिस्त्री म्हणाले होते, "भाभी, रंग काढायला तीन दिवस जातील. दोन-दोन टाचे मारतो, धरतंय सगळं." त्या वर्षी मिरचीचा भाव पडला होता, तीन दिवसांची मजुरी जड वाटली. आम्हीही मान हलवली.

गिलावा भिंतीला दोन गोष्टींनी धरतो. विटेने थोडे पाणी शोषले पाहिजे आणि पृष्ठभाग खडबडीत पाहिजे. ऑइलपेंट दोन्ही बंद करतो. चुना आणि डिस्टेंपर तर स्वतःच भुकटी होऊन सुटतात. आपल्या मराठवाड्यातल्या अजिंठ्याच्या लेण्यांत हे आजही दिसते. तिथल्या कारागिरांनी चित्रांसाठी खडक गुळगुळीत केला नाही. छिन्नीचे घाव तसेच ठेवले, त्यावर तूस आणि गवत मिसळलेल्या मातीचा लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग चित्र. दीड हजार वर्षांनंतरही पुष्कळ लेप जागेवर आहे.

यंदा आम्ही काम या क्रमाने केले.

आधी ओल कुठून येते ते पाहिले. पन्हाळीचे पाणी भिंतीवर उडत होते, ते बंद केले. लोणा लागलेली जागा कोरडी करून तारेच्या ब्रशने झाडली. ओल तशीच ठेवली तर नवा गिलावाही फुगतो.

मग हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत गेलो. पोकळ आवाज आला तो जुना थर विटेपर्यंत काढला. रंग छिन्नी, पत्री आणि तारेच्या ब्रशने खरवडला. सगळा निघाला का, याची परीक्षा सोपी आहे. भिंतीवर पाणी शिंपडा. वीट पाणी पिऊन काळपट झाली तर ठीक. थेंब होऊन ओघळले तर रंग अजून आहे.

इथे एक सावधगिरी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि गरोदर बाईला घातक. म्हणून भिंत ओली करूनच खरवडा, तोंडाला चांगला मास्क बांधा, रंग आगीने जाळू नका. खाली ताडपत्री टाका. पापुद्रे पोत्यात भरा, अंगणात झाडून टाकू नका. त्या दिवसांत मुलांना आणि कोंबड्यांनाही लांब ठेवा.

रंग निघाल्यावर विटांमधल्या दर्जा सुमारे १० मिलिमीटर खोल कोरल्या. गुळगुळीत काँक्रीटच्या भागावर जवळजवळ टाचे मारले. वीट आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथे जाळी ठोकली, नाहीतर त्या रेषेवर हमखास भेग जाते. भिंत धुऊन धूळ काढली. आदल्या संध्याकाळी पाणी मारले. सकाळी भिंत दमट हवी, पाणी टपकणारी नको. मग सिमेंट आणि जाड वाळूचा पातळ माल थापीने फेकून मारला. तो सारवायचा नाही, फेकायचा. वाळल्यावर भिंत किसणीसारखी खरखरीत लागली पाहिजे.

गिलावा एक भाग सिमेंट, चार भाग वाळू असा, दोन थरांत, एकूण साधारण २० मिलिमीटर केला. पहिला थर ओला असतानाच त्यावर ओरखडे काढले. नंतर किमान सात दिवस पाणी मारायचे. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येण्याआधी काम उरकावे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हापेक्षा पावसाळा संपल्यानंतरचे दिवस या कामाला बरे.

ज्यांची भिंत दगडमातीची किंवा कच्च्या विटांची आहे, त्यांनी मात्र सिमेंटच्या मोहात पडू नये. तिथे चुन्याचा गिलावा बरा. सिमेंटचा कडक थर आतली ओल कोंडतो आणि मऊ भिंत मागून झिजत जाते.

मिस्त्री यंदाही तेच आहेत. रंग काढायला तीन नव्हे, चार दिवस लागले. मजुरी आम्ही आधीच ठरवून वेगळी दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा. ठोक भावात खरवडणे धरले की ते काम कुणीच मनापासून करत नाही.

पुढच्या महिन्यात घरात धाकटीचे लग्न आहे. नव्या गिलाव्याला रंगाआधी वाळायला चार-एक आठवडे हवेत, म्हणून यंदा मांडवामागची भिंत राखाडीच राहणार. भाईजानला ते पटत नव्हते. पाहुणे काय म्हणतील, असे त्याचे म्हणणे. दादी म्हणाली, "म्हणू दे. खाट मी तिथेच टाकणार."