शेजार मोडला की पत मोडते

चेन्नईत कोयंबेडूच्या घाऊक बाजारातून भल्या पहाटे मोगऱ्याची टोपली उचलणाऱ्या बाईला भांडवल लागते ते एका दिवसाचे. फुले संध्याकाळपर्यंत विकली गेली तर पैसे सुटतात, राहिली तर सुकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणापुढे तरी हात पसरावा लागतो. या एका दिवसाच्या भांडवलावर त्या शहरात एक अख्खा धंदा चालतो. ‘तंडल’ नावाच्या पद्धतीत सावकार नऊशे रुपये हातावर ठेवतो, वहीत हजार मांडतो आणि रोज दहा रुपये याप्रमाणे शंभर दिवस वसुली करतो. ऐकायला व्याज शंभरच रुपये. पण मुद्दल पहिल्या दिवसापासून फिटत असते. तेव्हा हिशेब नीट मांडला तर दर वर्षाला पाऊणशे टक्क्यांच्या वर जातो. ‘मीटर वट्टी’चे व्याज तर याहूनही झपाट्याने चढते.

तामिळनाडूने २००३ साली अवाजवी व्याज घेण्याला बंदी घालणारा कायदा केला आणि त्यात या पद्धती नावानिशी नोंदवल्या. कायदा झाला, तरी तंडलवाला कुठे गेला नाही. जाईल कसा? तो पहाटे दारात हजर असतो, अंगठा मागत नाही, रहिवासाचा पुरावा मागत नाही. बँकेची शाखा उघडते तेव्हा फुलवालीची निम्मी टोपली विकून झालेली असते.

ही अडचण ओळखून तिच्यावर संघटना उभी करण्याचे श्रेय जया अरुणाचलम यांना जाते. काँग्रेसच्या कार्यकर्त्या म्हणून मद्रासच्या वस्त्यांत फिरताना त्यांनी बायकांना काय हवे ते विचारले, तेव्हा मदत किंवा दान नव्हे, धंद्यासाठी कर्ज हवे, असे उत्तर आले. १९७८ साली त्यांनी ‘वर्किंग विमेन्स फोरम’ स्थापन केला. मासळी विकणाऱ्या, इडलीचे पीठ दळणाऱ्या, हातगाडीवर भाजी लावणाऱ्या अशा एकाच गल्लीतल्या दहा-वीस जणींचा गट करायचा, त्यांनी एकमेकींना जामीन राहायचे आणि गटाची प्रमुखही त्यांच्यातलीच असायची, अशी ही रचना. राष्ट्रीयीकृत बँकांमध्ये १९७२ पासून गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजना होती. फोरमने सुरुवातीला तिचाच दरवाजा ठोठावला. पण फॉर्म, खेपा, काउंटरवरची वागणूक आणि त्यात बुडणारा धंद्याचा वेळ हे सगळे जमेस धरले तर चार टक्के स्वस्त राहत नव्हते. म्हणून १९८१ मध्ये बायकांनी स्वतःची सहकारी पतसंस्थाच काढली. पुढे हे काम चेन्नईबाहेर वेल्लोरच्या विडी कामगार बायकांपर्यंत आणि आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांपर्यंत गेले. जया अरुणाचलम २०१९ मध्ये वारल्या.

फोरमची गोष्ट सांगताना बहुतेक जण कर्जावर थांबतात. कर्जाचा आकडा मोजता येतो, अहवालात मांडता येतो, परदेशी पाहुण्यांना दाखवता येतो. अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटनही २०११ च्या चेन्नई भेटीत फोरमकडे गेल्या होत्या. पण कर्ज फिटत होते ते कशामुळे? गटातल्या बाईला शेजारणीचा नवरा दारू किती पितो, तिची मासळी कुठल्या नाक्यावर खपते, तिच्याकडे आजारी माणूस कोण आहे, हे ठाऊक होते. बँकेला जी माहिती कितीही कागद मागून मिळाली नसती, ती गल्लीत फुकट पडून होती. गरिबाची पत त्याच्या घरात नसते, शेजारात असते.

मुंबईला हे नवे नाही. गिरणगावात चूल पेटवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका वाण्याच्या उधारीत बुडालेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणले आणि बँकेची कर्जे मिळवून दिली. गटाची हमी, एकाच चाळीतली ओळख, तोच हिशेब. आणि मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणारी माणसेच गावी गेली तेव्हा खाणावळीच्या कर्जाचा हप्ता कितीही छोटा असला तरी भरायचा कशातून? अन्नपूर्णाने पुढे केटरिंगसारखी कामे अंगावर घेऊन वाट काढली, पण गिरणगावच्या ताटांची जागा ती कामे पुरती घेऊ शकली नाहीत. बचत आणि कर्ज धंद्याला बळ देतात. धंद्याची जागा मात्र शहर ठरवते.

चेन्नईत शहराने काय ठरवले, हे पाहण्यासाठी जुन्या महाबलीपुरम रस्त्याने दक्षिणेला जावे लागते. आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींच्या मागे कन्नगी नगर आहे. आणखी पुढे सेम्मनचेरी आणि पळ्ळीकरणैच्या दलदलीच्या कडेला पेरुंबाक्कम. २००० नंतरच्या दोन दशकांत शहराच्या मध्यातल्या वस्त्या उठवून हजारो कुटुंबे इथे आणली गेली. २०१५ च्या डिसेंबरमधल्या पुरानंतर कूवम आणि अड्यार नद्यांच्या काठावरून लोकांना हलवण्याला आणखी जोर आला. कारण सांगितले गेले सुरक्षिततेचे. ज्या पेरुंबाक्कममध्ये त्यांना नेले तिथेही पाणी साचते, हा त्यातला उपहास चेन्नईकरांनी अनेकदा बोलून दाखवला आहे.

घर पक्के मिळाले, हे खरेच आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ताडपत्रीखाली पावसाळे काढलेल्या माणसाला स्लॅबची किंमत विचारावी. पण मैलापूरच्या घरांत धुणीभांडी करणारी बाई वीस-पंचवीस किलोमीटर लांब गेली, की सकाळचे पहिले काम सुटते. नाक्यावरची फुलवाली तिथे कुणाला गजरा विकणार? सगळ्यांचीच मिळकत तुटलेली असताना गिऱ्हाईक उरते कोण? चेन्नईच्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजमधल्या संशोधक कॅरन कोएल्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कन्नगी नगरमधल्या रोजगाराचा अभ्यास केला, आणि गरिबी जागेमुळे पुन्हा नव्याने घडते, असे त्याच्या शीर्षकातच मांडले.

त्यात घरवाटप सोडतीने झाले, तर एका गल्लीतल्या वीस जणी पाच वेगवेगळ्या इमारतींत विखुरतात. ज्या शेजारावर फोरमसारख्या संस्थांची पतपुरवठ्याची सगळी रचना उभी होती, तो शेजार सरकारी शिक्क्यानिशी मोडतो. नव्या जागी शेजारीण अनोळखी. तिला जामीन कोण राहणार? मग परत तंडलवाला येतो, किंवा त्याचा सुधारित अवतार, टॅब घेऊन फिरणारा मायक्रोफायनान्स कंपनीचा माणूस.

या कंपन्यांनी गट आणि परस्पर जामीन ही जुनीच पद्धत उचलली. त्यांचे व्याज वीस टक्क्यांच्या पुढे असले तरी तंडलपेक्षा कमी, हे मान्य करावे लागेल. फरक आहे तो गट कोण जमवते यात. फोरमची गटप्रमुख स्वतः कर्जदार होती आणि शिफारस चुकली तर तिला त्याच नळावर पाणी भरायला जायचे होते. कंपनीच्या माणसाला महिन्याचे टार्गेट असते. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या, सरकारला वटहुकूम काढावा लागला आणि त्या राज्यातला हा सगळा व्यवसाय कोसळला. तरीही एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने या कर्जांच्या व्याजदरावरची मर्यादा काढली. हप्ता कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नये, एवढी अट ठेवली. निम्मे उत्पन्न! ज्या घरात उरलेल्या निम्म्यात भाडे, शाळा आणि औषध बसवायचे असते, तिथे ही अट दिलासा कशी ठरते, ते ती लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. तामिळनाडूला २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध पुन्हा एक कायदा करावा लागला.

कर्जाखेरीज या धंद्याची दुसरी बाजू शहराच्या सेवांची. फोरम सुरू झाला त्याच १९७८ साली मद्रासचे पाणीपुरवठा मंडळही स्थापन झाले. २०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तेव्हा प्लास्टिकच्या रंगीत घागरींच्या रांगांचे फोटो जगभर छापून आले. त्या रांगेतल्या बाईचा प्रत्येक तास तिच्या धंद्यातून वजा होत होता. टँकरचे पाणी विकत घेतले तर वजाबाकी रुपयांत. नळ नसलेल्या वस्तीत घेतलेल्या कर्जाचा मोठा हिस्सा नळ नसण्याची भरपाई करण्यातच जातो, आणि बचत गटाच्या वहीत तो ‘घरखर्च’ म्हणून दडून राहतो.

म्हणून चेन्नईच्या गेल्या काही वर्षांतली गरिबी हटवण्याची सर्वांत परिणामकारक योजना कुठल्याही बँकेची नाही, असे म्हणावेसे वाटते. ती बसची आहे. मे २०२१ मध्ये एम. के. स्टालिन यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली त्याच दिवशी साध्या बसमधून बायकांना फुकट प्रवासाचा आदेश निघाला. राज्य नियोजन आयोगाच्या पाहणीत प्रवास करणाऱ्या बाईचे महिन्याला सरासरी सुमारे ८८८ रुपये वाचतात, असे आढळले. कुठल्याही बचत गटातल्या मासिक वर्गणीशी हा आकडा ताडून पाहावा. यात फेडायचे काही नाही, जामीन कुणी नाही, हप्ता चुकल्याची लाज नाही. पेरुंबाक्कमहून मैलापूरला जाणे बसने जवळ आणले नाही, पण निदान जाता येण्याजोगे केले.

सगळ्याच सेवा इतक्या सरळ उतरत नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये जयललितांनी सुरू केलेल्या अम्मा उणवगममध्ये एक रुपयाला इडली मिळू लागली. हमाल, रिक्षावाले, रुग्णालयाबाहेर ताटकळणारे नातेवाईक यांची सोय झाली, आणि ही उपाहारगृहे बचत गटांतल्या बायकांच्या हाती दिल्याने त्यांना रोजगारही मिळाला. पण शेजारच्या फुटपाथवर कर्ज काढून इडलीचे भांडे मांडणाऱ्या अक्काने एक रुपयाशी स्पर्धा कशी करायची, हा प्रश्न त्या कौतुकात कुणी फारसा विचारला नाही.

महाराष्ट्रात मात्र उलटा प्रवास दिसतो. २०२४ पासून लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये जमा होऊ लागले. आणि मे २०२५ मध्ये मुंबईत बेस्टचे किमान भाडे पाचचे दहा रुपये झाले. गोवंडीहून दादरला दोन बस बदलून कामाला जाणाऱ्या बाईने दोन्ही आकडे शेजारी मांडले, तर दीड हजारातले किती रुपये बेस्टच्या तिकिटात परत गेले, ते तिला कळेल. एसटीत बायकांना अर्धे तिकीट २०२३ पासून आहे; मुंबईच्या बसला ते का लागू नाही, याचे समाधानकारक उत्तर कुणी दिलेले नाही.

आता धारावीचा पुनर्विकास सुरू आहे. तिथे तिरुनेलवेलीकडून आलेल्या तमिळ कुटुंबांच्या चौथ्या पिढीपासून कुंभारवाड्यापर्यंत शेकडो भिश्या आणि बचत गट चालतात. अपात्र ठरणाऱ्यांना मुलुंड, देवनारसारख्या ठिकाणी घरे देण्याची भाषा आहे, म्हणजे मुंबईचे पेरुंबाक्कम कागदावर तयार होत आहे. पात्रता ठरवताना कुटुंबाकडे रहिवासाच्या वर्षाचा पुरावा मागितला जातो आणि खोलीचे चौरस फूट मोजले जातात. त्याच अर्जात आणखी एक रकाना घालता येईल: हे कुटुंब कोणत्या बचत गटात आहे आणि गटातल्या बाकीच्या खोल्या कोणत्या. सोडत कुटुंबांची न काढता गटांची काढली, तर वीस जणी एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर राहू शकतील आणि त्यांची वही पुढच्या महिन्यातही चालू राहील. याला जादा जमीन लागत नाही, एफएसआय लागत नाही. हा रकाना सर्वेक्षणाच्या वेळीच भरावा लागेल. चाव्या वाटून झाल्यावर गट जुळवायला कुणी येणार नाही.