गुंजाल्याची अक्षरे, पायथनची आवृत्ती

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत काय बदलले, ही यादी सहसा कोणी वाचत नाही. खरे सांगायचे तर आम्हीही नाही. पण २७ जून २०१८ रोजी आलेल्या पायथन या मुक्तस्रोत संगणकभाषेच्या ३.७ आवृत्तीच्या यादीत एक छोटी नोंद होती: आतला अक्षरसंग्रह आता युनिकोड ११ चा. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकात क्रमांक आणि नाव देणारे प्रमाण; त्याच महिन्यात आलेल्या त्याच्या ११ व्या आवृत्तीत आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावची गोंडी लिपी पहिल्यांदा दाखल झाली होती, ६३ चिन्हांसह. पायथन ३.६ ला ही अक्षरे म्हणजे बेनाव आकडे, ३.७ मध्ये त्याच अक्षरांत चलाचे नावसुद्धा ठेवता येऊ लागले.

गावातल्या जुन्या हस्तलिखितांपासून इथवरचा प्रवास हाच या अंकाचा विषय. गोंडी, मराठी, तेलुगू शेजारी नांदणाऱ्या या सीमाभागात कोणती लिपी यंत्रात आहे, हा प्रश्न फक्त तंत्रज्ञांचा नाही. म्हणून आम्ही आवृत्त्यांचे आकडे थोडक्यात आटोपले आहेत. जास्त पाने पोथी, फॉन्ट आणि कळफलक यांना दिली आहेत.

तुमच्या मोबाइलवर ही अक्षरे उमटतात की नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतात? पाहा आणि आम्हाला लिहा.