दिवाणखान्यात प्रवाळ कशाला?

मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचे काम सुरू झाले तेव्हा हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळांच्या लहान लहान वसाहती असल्याचे समोर आले. त्यातल्या १८ वसाहती २०२० च्या अखेरीस राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सोडवून दुसऱ्या खडकांवर नेऊन लावल्या. सगळ्या मिळून अर्धा चौरस मीटरही भरल्या नसत्या, तरी महापालिकेला त्यासाठी वन विभागाची आणि केंद्राची परवानगी घ्यावी लागली. त्याच मुंबईत, आणि आता पुण्यातही, घरात ‘रीफ टँक’ करून देणारे आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून प्रवाळाचे तुकडे विकणारे भेटतात. परवानगीचा विषयच निघत नाही.

निघायला हवा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे तिथेच, २००१ पासून प्रवाळही आहेत. दगडी सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे. समुद्रघोडेही त्यात आले. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षे कैद आहे. ‘हा तुकडा इंडोनेशियातल्या प्रवाळशेतीतला आहे, समुद्रातून तोडलेला नाही’ असे विक्रेता सांगतो. यादीत ‘सर्व’ हा शब्द असताना ही पळवाट टिकण्यासारखी नाही. शेतीतल्या प्रवाळांना तरी सूट द्यावी, असे काही हौशी लोकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. बोटभर तुकडा शेतीतला की मन्नारच्या आखातातला, हे दुकानात उभे राहून कोणीही सांगू शकणार नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. प्रवाळ हा प्राणी आपल्या पेशींत सूक्ष्म शैवाल सांभाळतो, आणि त्याचे बहुतेक अन्न हे शैवालच प्रकाशाच्या मदतीने तयार करते. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपने हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये अनुभवले. अख्ख्या समुद्राला जे झेपले नाही ते शंभर लिटरच्या काचेच्या पेटीला कसे झेपावे? रीफ टँकचे पाणी २५-२६ अंशांवर ठेवावे लागते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी खोलीच ३५ अंशांवर जाते. म्हणजे पाणी गार करणारे यंत्र आले, ते चोवीस तास चालणार, आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी पंखा चालवायचा की टँक, हा प्रश्न घरात उभा राहणार. पंप काही तास बंद राहिला तरी पाण्यातला प्राणवायू कमी पडतो.

पाण्याचेही तसेच. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटरला साडेतीन किलो, आणि तेही टँकसाठी मिळणारे खास मीठ. स्वयंपाकघरातले चालत नाही, चौपाटीवरून कॅन भरून आणलेले पाणी तर नकोच. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, त्यामुळे रोज कमी होणारे पाणी गोड्या, आरओच्या पाण्याने भरून काढायचे असते. नवा मनुष्य तिथे पुन्हा खारे पाणी ओततो आणि टँक दिवसेंदिवस अधिक खारट होत जातो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू पेटीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँक रिकामा दिसतो, घरातली मुले विचारत राहतात, आणि तिसऱ्याच दिवशी मासे आणले जातात.

आरोग्याच्या बाजूबद्दल विक्रेते बोलत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. ‘झोअँथिड’ नावाचे बटणासारखे, रंगीत, मऊ जीव ‘नवशिक्यांसाठी सोपे’ म्हणून खपवले जातात. त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआ प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक सापडते. दगडावरून त्यांना काढून टाकण्यासाठी कोणी दगड उकळत्या पाण्यात टाकतो, कोणी ब्रशने घासतो. विष तुषारांतून आणि वाफेतून श्वासात जाते. ताप, खोकला, छातीत घुसमट, तोंडात धातूसारखी चव. अमेरिकेत अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि मत्स्यालयाच्या दुकानात असे प्रकार नोंदवले गेले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या एका घरात २०१८ साली टँक साफ करताना सारे कुटुंब रुग्णालयात पोहोचले. आपल्याकडे असा रुग्ण आला तर त्याच्यावर न्यूमोनिया म्हणून उपचार होण्याचीच शक्यता अधिक.

दुसरा धोका सावकाश येतो. हातावर ओरखडा असताना टँकमध्ये हात घातला, तर मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जिवाणूचा चुलतभाऊ त्वचेत शिरू शकतो. काही आठवड्यांनी बोटावर गाठ येते, मग हातावर ओळीने वर चढत जाणाऱ्या गाठी. हा जिवाणू ३० अंशांच्या आसपास वाढतो. प्रयोगशाळेने नमुना नेहमीप्रमाणे ३७ अंशांवर ठेवला तर तो दिसतही नाही, आणि रुग्ण मलमे लावत बसतो. उपचार काही महिने चालतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना ‘घरी फिश टँक आहे’ एवढे एक वाक्य सांगितले तर बरेच महिने वाचतील. हा धोका गोड्या पाण्याच्या टँकलाही आहे. टँक साफ करताना लांब हातमोजे घालावेत, आणि नळी तोंडाने ओढून पाणी काढण्याची आपली जुनी सवय सोडावी.

मग खाऱ्या पाण्याचा टँक करूच नये का? प्रवाळ नसलेला करावा. दगड सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे मिळतात, त्यांवर जिवाणू तितकेच छान रुजतात. मासे क्लाउनफिश घ्यावेत, आणि तेही टँकमध्येच जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे बसवले आहे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम झाले आहे. विक्रेत्याकडे पैदास केंद्राचे नाव असलेले बिल मागावे, ते नसेल तर दुसरा विक्रेता पाहावा. सिनेमातली निळी ‘डोरी’ मात्र मुलांनी कितीही हट्ट केला तरी नको. ती फूटभर वाढते, तिला पोहायला लांबच लांब जागा लागते, आणि टँकमध्ये तिची पिल्ले वाढवणे शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये प्रथम जमले. दुकानातली बहुतेक समुद्रातून पकडलेलीच असते.

क्लाउनफिशची जोडी मात्र एवढ्याशा पेटीत दहा-बारा वर्षेही राहते. त्यांना समुद्रफूल लागतेच असेही नाही, एखादे मातीचे कुंडे आडवे ठेवले तरी ते त्यालाच घर मानतात. जोडीतली मोठी ती मादी. ती मेली तर उरलेला नर काही काळाने स्वतःच मादी होतो. ‘नीमो’च्या सिनेमात आई दगावल्यावर बाप समुद्रभर मुलाला शोधत फिरतो. खऱ्या समुद्रात तोवर त्याचीच आई झाली असती.