ओटीपी सांगायची सवय आम्हाला लावली कुणी?

मंडळी, आज माडाचं नाही, खात्याचं लिहितोय. कंटाळा येत असेल तर खुशाल पुढे जा, पण घरात पीएम किसानचा हप्ता येत असेल तर वाचाच.

कुणाचं खातं साफ झालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ओटीपी दिला असणार." बँकेत हेच, चावडीवर हेच, आणि शिकलेली मुलंही आईबापाला हेच सुनावतात. माझा राग या वाक्यावर आहे.

ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, महाडीबीटी, विमा. प्रत्येक वेळी सेवा केंद्रावरचा पोरगा ओरडतो, "काका, आला का नंबर? सांगा पटकन!" ओळख क्रमांक काढायला मी गेलो तेव्हा माझ्यामागे चार माणसं होती, चौघांनीही माझा ओटीपी ऐकला. पुढच्या आजीने तर फोनच काउंटरवर ठेवला, "तूच बघ रे बाबा." त्या पोराला मी दोष देत नाही, रांग संपवायची असते त्याला. पण सरकारच्या दारात उभं राहून आम्ही वर्षानुवर्षं ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतोय. आणि तेच सरकार फोनच्या ट्यूनमध्ये सांगत होतं, ओटीपी कुणाला सांगू नका. काउंटरवरचा आवाज खरा आणि फोनवरचा खोटा, हे सत्तरीच्या बाईने ओळखायचं कसं?

आता तर चोराला ओटीपी विचारायचीही गरज नाही. ग्रुपवर पीएम किसानच्या नावाची फाइल येते, शेवटी 'एपीके' अक्षरं असतात. हप्ता अडकलाय, अ‍ॅप टाका, म्हणे. टाकलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, आपण 'हो, हो' दाबत जातो. मग बँकेचा प्रत्येक मेसेज परस्पर तिकडे पोचतो. यूपीआय नोंदवायलाही सिमवरचा मेसेजच लागतो, त्यामुळे ही परवानगी महागात पडू शकते. सोंड्या भुंग्याचं हेच असतं ना? गेंड्या भुंग्याने केलेल्या जखमेतून आत शिरतो, खोड आतून पोखरतो, आणि शेंडा मान टाकतो तेव्हा आपल्याला कळतं.

आणि ही फाइल ग्रुपवर टाकतो कोण? बहुतेक वेळा आपलाच कुणीतरी, ज्याचा फोन आधीच लागण झालेला आहे. म्हणून भावकीतल्या माणसाने पाठवली एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कृषी सहायक मंडळींना माझी हात जोडून, पण स्पष्ट विनंती आहे. तुमच्या ग्रुपवर फाइल टाकायची सोय फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवा. आणि नाव, मोबाइल, आधार असलेल्या लाभार्थी याद्या ग्रुपवर टाकणं आजपासून बंद करा. चोराला आमची नावं कुठून मिळतात, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

हापूसच्या हंगामात आणखी एक प्रकार असतो. पेटीची जाहिरात टाकली की फोन येतो, "मी लष्करात आहे, दहा पेट्या हव्यात, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील." यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. एवढं ध्यानात ठेवलं तरी हा धंदा बसेल.

मला सगळ्यात जास्त भीती अंगठ्याची वाटते. आधारवर पैसे काढायच्या मशीनला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढंच लागतं. ना ओटीपी, ना पिन. 2023 मध्ये कर्नाटकात जमिनीच्या नोंदणीच्या दस्तांवरून ठसे उचलून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणं बाहेर आली. दस्तावर अंगठा आम्ही कायद्याने सांगितलं म्हणून दिला. तो स्कॅन होऊन कुणाच्या हाती लागला, यात त्या शेतकऱ्याची चूक सांगा बघू! आधारच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं, जरूर करा. पण रेशनवर अंगठा लावायचा दिवस आला की ते तात्पुरतं उघडावं लागतं. हे घरातल्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवा, नाहीतर बिचारी धान्याविना परत येतील. झेरॉक्स द्यायचीच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारं आधार द्या, आणि कागदावर आडवं लिहा, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेला.

अडाणी म्हणून फसतात म्हणणाऱ्यांना पुण्याची कॉसमॉस बँक आठवत असेल. ऑगस्ट 2018, दोन दिवसांत 94 कोटींच्या वर गेले. खोट्या कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. तिथे कुणा शेतकऱ्याने ओटीपी सांगितला नव्हता, बँकेची यंत्रणाच फोडली होती. ठेवीदारांना झळ बसणार नाही असं बँकेने तेव्हाच जाहीर केलं, ते बरोबरच. मग आमच्या खात्यातून दोन हजार गेले की एवढी चौकशी आमचीच का?

रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये आदेश काढला, सहकारी बँकांसाठी वेगळा डिसेंबर 2017 मध्ये. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, चोरी मधल्यामध्ये झाली, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमचं नुकसान शून्य. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. ओटीपी तुम्ही खरंच दिला असेल तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. "अर्ज ठेवून जा, बघू" म्हणाले तर हलू नका, पोच घ्या, तारीख आणि वेळेसकट.

त्याआधी मात्र 1930 ला फोन. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या भाड्याच्या खात्यात पळत असतो, वाटेत अडवला तर मिळतो, एटीएममधून निघाला की गेला. तशी फाइल उघडली गेली असेल तर आधी तो फोन फ्लाइट मोडवर टाका, आणि 1930 ला नि बँकेला दुसऱ्या फोनवरून बोला. लाजेने सकाळपर्यंत थांबू नका.

येत्या ग्रामसभेत मी दोन ठराव मांडणार आहे. सेवा केंद्रात ओटीपी शेतकऱ्याने स्वतः टाइप करायचा, तशी कळपट्टी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला हवी. आणि 1930 हा आकडा सोसायटीच्या भिंतीवर, खताच्या दरफलकाएवढ्या अक्षरांत. रंगाचा डबा मी देतो.