मनगटावरची खोटी साक्ष

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत मनगटी घड्याळ हे केवळ वेळ पाहण्याचे साधन कधीच नव्हते. दहावीचा निकाल लागला की घड्याळ, दृढीकरण संस्कार झाला की धर्मपित्याकडून घड्याळ, साखरपुड्यात जावयाला घड्याळ आणि सेवानिवृत्तीच्या दिवशी कचेरीकडून पुन्हा घड्याळ! खिशात मोबाइल आल्यापासून वेळ पाहण्यासाठी मनगटाकडे बघण्याची फारशी गरज उरलेली नाही. तरी देण्याघेण्यातील घड्याळाचे स्थान ढळले नाही. त्याचे काम मात्र बदलले. पूर्वी ते वेळ सांगत असे, आता ते माणसाची ऐपत सांगते. म्हणूनच घड्याळ दिसताक्षणी 'किती वाजले?' ऐवजी 'केवढ्याचे?' हा प्रश्न ऐकू येतो. या प्रश्नाविषयी आणि त्याला आपण देत असलेल्या खोट्या उत्तराविषयी आज स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते.

सोलापुरातील आमच्या धर्मग्रामात दोन वर्षांपूर्वी दृढीकरणाचा सोहळा झाला. नात्यातील एका मुलाला त्याच्या धर्मपित्याने घड्याळ दिले. सोनेरी, भरगच्च, हातात घेताच वजन जाणवावे असे. तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या आणि वर एका जगप्रसिद्ध स्विस कंपनीचे नाव. मिस्सेनंतर सभागृहात ते हातोहात फिरले. 'भारीच दिसते!' असे म्हणणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे आधीच कबूल करतो. आठ महिन्यांत घामाने मुलामा उडून खालचा करडा धातू दिसू लागला आणि एके दिवशी काटे थांबले. मुलाला घेऊन मी नवी पेठेतील एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण उघडले आणि काही न बोलता घड्याळ आमच्यापुढे धरले. एवढ्या मोठ्या डब्यात जुन्या आठ आण्याएवढे यंत्र, ते हलू नये म्हणून भोवती प्लॅस्टिकचे कडे आणि वजन वाटावे म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा! तीन छोट्या तबकड्यांचे काटे कशालाच जोडलेले नव्हते.

"मशीन चांगलं आहे, नुसता सेल संपलाय," कारागीर म्हणाला. "शे-दीडशेचं असेल, पण बिचारं इमानानं चालत होतं. बाकी सगळं नाटक."

दुकानाची पायरी उतरताना मुलाने मला विचारले, "काका माझ्याशी खोटं बोलले, की त्यांनाच कुणी फसवलं?"

मला उत्तर देता आले नाही. पुढे त्या गृहस्थांना एकांतात विचारले, तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण माझ्या ऐपतीतलं साधं घड्याळ दिलं असतं, तर त्या दिवशी सभागृहात तुम्हीच काय म्हणाला असता?"

या लेखाचा खरा विषय तो प्रश्न आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वस्त घड्याळाविरुद्ध माझी यत्किंचितही तक्रार नाही. स्वस्त असून सुबक, किमतीपेक्षा उंची दिसणाऱ्या घड्याळाविरुद्ध तर मुळीच नाही. १९६१ मध्ये एच. एम. टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला आणि पुढे आपल्या एका घड्याळाला 'जनता' असे सरळ नाव दिले. रोज सकाळी चावी द्यावी लागणारे ते घड्याळ शिक्षकांच्या, कारकुनांच्या, गिरणी कामगारांच्या मनगटावर कसे शोभून दिसे! याच एच. एम. टी.ने अंधांसाठी ब्रेल घड्याळही बनवले. काचेचे झाकण उघडून बोटाने काटे चाचपायचे आणि वेळ जाणायची. ज्याला स्वतःचे घड्याळ दिसतच नाही, त्यालाही घड्याळ हवे असते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच. एम. टी. वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली, तेव्हा अनेकांनी जुनी 'जनता' पेटीतून काढून पुन्हा मनगटावर बांधली. १९८७ मध्ये टाटा समूह आणि तामिळनाडू सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या टायटनची घड्याळे बाजारात आली आणि पातळ, डौलदार घड्याळ ही परदेशाहून येणाऱ्या पाहुण्यांची मिरासदारी राहिली नाही. सौंदर्य गरिबाच्या आवाक्यात आणणे हे पुण्याचे काम आहे.

आणि वेळेचे म्हणाल, तर तिथे गरिबाने श्रीमंताला केव्हाच मागे टाकले आहे. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले, तेव्हा त्याची किंमत तेथील एका मोटारीएवढी होती. सेलमधील विजेने क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि ती कंपने मोजून काटा एकेक सेकंद पुढे सरकतो. आज हेच तत्त्व काही शे रुपयांच्या घड्याळात आहे, आणि महिन्याभरात ते साधारणतः पंधरा-वीस सेकंदांपेक्षा अधिक चुकत नाही. उलट लाखो रुपयांच्या यांत्रिक घड्याळाला स्वित्झर्लंडमध्ये अचूकतेचे प्रमाणपत्र देताना दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मुभा असते. तेव्हा त्या मुलाच्या घड्याळातील शे-दीडशेचे यंत्र खरोखरच लाजिरवाणे नव्हते. लाजिरवाणे होते ते त्याच्या अंगावर चढवलेले परक्याचे नाव.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. तो विचारतो, यात कोणाचे नुकसान झाले? त्या स्विस कंपनीला आमच्या पाचशे रुपयांची काय पर्वा? ती नुसत्या नावाचे लाखो रुपये घेते, ती लूट नव्हे काय?

लूट असेल; मी त्या कंपन्यांचा वकील नाही. पण नाव इतके कवडीमोल असेल, तर ते आपल्या मनगटावर कशाला हवे? नाव पुसून तेच घड्याळ द्यायला प्रतिपक्ष तयार होणार नाही. त्याला हवे आहे ते नावच, आणि तेही किंमत न देता. शिवाय निदान सोलापूरकराने तरी 'कोणाचे नुकसान झाले?' हा प्रश्न विचारू नये. आपल्या चादरीचे काय झाले, ते आठवा. पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेल्या हातांनी या गावाचे नाव देशभर नेले. इतरत्र विणलेल्या, दोन धुण्यांत विटणाऱ्या चादरी 'सोलापुरी' म्हणून विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा आपण किती संतापलो! अखेर २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली, म्हणजे 'सोलापुरी' या नावावरचा सोलापूरचा हक्क कायद्याने मान्य झाला. आपल्या चादरीवरचे खोटे लेबल ही चोरी आणि आपल्या मनगटावरचे खोटे लेबल ही हौस, असा दुहेरी न्याय कोणत्या तराजूत बसतो? स्वित्झर्लंडचा मालक धनवान आहे आणि आपला विणकर गरीब आहे, हे खरे. परंतु सातव्या आज्ञेत चोरी कोणाच्या घरी करावी याची सवलत दिलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. मुलामा म्हणजे खोटेपणा, तर मग एक ग्रॅम सोन्याचे दागिने घालणाऱ्या आपल्या आयाबहिणी खोटारड्या ठरतात काय? मुळीच नाही. 'एक ग्रॅम' हे शब्द दुकानाच्या पाटीवरच लिहिलेले असतात. घेणारीला, घालणारीला आणि पाहणारीलाही ते माहीत असते. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धारण केलेली कोळ्याची अंगठीसुद्धा भरीव सोन्याची नव्हती. ती सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची होती, आणि व्हॅटिकनने ही गोष्ट जगाला आधीच सांगून टाकली होती. २०२५ मध्ये निवर्तलेल्या या पोपमहाशयांच्या मनगटावर काळ्या पट्ट्याचे साधे प्लॅस्टिकचे घड्याळ असे. जगातील राजे आणि राष्ट्राध्यक्ष त्यांच्याशी हस्तांदोलन करताना ते घड्याळ पाहत असत. त्यामुळे पेत्राच्या आसनाची प्रतिष्ठा रतिभरही उणी झाल्याचे ऐकिवात नाही.

सारांश, मुलामा हे पाप नव्हे. मुलामा लपवणे हे पाप. आपण आठवी आज्ञा मुलांना शिकवतो ती जिभेपुरती. पण खोटी साक्ष मनगटानेही देता येते. न बोलता, नुसती बाही वर सरकवून, 'मी अमुक आहे' असे शेजाऱ्याला सांगता येते. प्रभूने चुना लावलेल्या कबरींची उपमा ज्यांना दिली, ते शास्त्री-परूशी तोंडाने खोटे बोलत होते असे नव्हे. त्यांचे बाहेरचे रूप आतल्याची खोटी ग्वाही देत होते. आणि मंदिरातील ती गरीब विधवा? तिने आपल्या दोन नाण्यांना सोन्याचा मुलामा देऊन ती दानपेटीत टाकली नाहीत. दोन नाणी ती दोनच म्हणून टाकली, म्हणूनच प्रभूच्या दृष्टीला ती सर्वांहून अधिक भरली.

कायद्याविषयीही दोन शब्द. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार खोटे चिन्ह लावलेला माल विकणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. तरी 'फर्स्ट कॉपी' हे गोंडस नाव धारण करून हा माल रस्त्यावरच्या गाड्यांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर राजरोस विकला जातो. कायदा विकणाऱ्याचा हात पाहतो. घेणाऱ्याच्या मनगटाची चौकशी सदसद्विवेकबुद्धीनेच करायची असते.

आता त्या धर्मपित्याच्या प्रश्नाकडे येतो. ते गृहस्थ लबाड नव्हेत. महिनाअखेरीस ओढाताण करणारे, पण धर्मपुत्राचा मान राखू पाहणारे ते साधे गृहस्थ आहेत. त्यांना खोटे घड्याळ विकले ते एका विक्रेत्याने; पण ते विकत घेण्यास भाग पाडले ते आपण, मिस्सेनंतर भेटवस्तू उलटसुलट करून पाहणाऱ्या, 'केवढ्याचे?' असे विचारून मनातल्या मनात माणसांची प्रतवारी लावणाऱ्या आपण सर्वांनी. संस्काराच्या दिवशी मुलाने पवित्र आत्म्याचे दान स्वीकारले आणि आपण चर्चा केली ती घड्याळाची! खोट्या मालाचा कारखाना दूर कुठे असेल तो असो. त्याची मागणी आपल्या सभागृहात तयार होते.

म्हणून माझे सांगणे सोपे आहे. घड्याळ द्यायचे तर ज्याने बनवले त्याचेच नाव असलेले द्या. पाचशे-हजार रुपयांत आज उत्तम घड्याळे मिळतात. मागचे झाकण स्टेनलेस स्टीलचे आहे का, पट्टा मजबूत आहे का, तबकडीवर आहे ते प्रत्येक काम घड्याळ खरोखर करते का, एवढे पाहा. छापील किंमत, बिल आणि हमीपत्र मागून घ्या. तीस मीटर पाण्याची ग्वाही म्हणजे हात धुण्यापुरती, पोहण्यासाठी नव्हे, हेही मुलाला सांगा. आणि बिल फाडून टाकू नका. ते पेटीतच राहू द्या. देणाऱ्याला किंमत लपवावीशी वाटणार नाही, असा समाज घडवणे हे मात्र घेणाऱ्यांचे आणि पाहणाऱ्यांचे काम आहे.

गेल्या नाताळात त्या धर्मपित्याने मुलाला दुकानात नेऊन दुसरे घड्याळ घेऊन दिले: पांढरी तबकडी, काळा पट्टा, भारतीय कंपनीचे नाव. नाताळच्या मिस्सेनंतर आम्ही त्यांच्या घरी जमलो होतो. सवयीप्रमाणे कुणीतरी विचारलेच, "केवढ्याचं?" मुलाने मान वर करून सांगितले, "सहाशे पंचाण्णव रुपयांचं." क्षणभर सारे गप्प झाले. मुलाला त्या शांततेत काहीच वावगे वाटले नाही. तो घड्याळाकडे पाहून, किती वाजले ते सांगू लागला. ओशाळलो ते आम्ही मोठे. त्या क्षणी आपण तिथे असतो तर कोणत्या बाजूला उभे राहिलो असतो, हे प्रत्येक वाचकाने स्वतःला विचारून पाहावे.