सकाळी न उठणारी गाडी

पौषातल्या पहाटे आपल्या बोरगावात गाडी सुरू झाली नाही, की मिस्त्री येतो आणि पहिल्यांदा बॅटरीच बदलतो. ही चिकित्सा नव्हे. ताप दिसताच प्रत्येक बाळाला प्रतिजैविक देण्यासारखेच ते आहे. आधी इतिवृत्त घ्यावे. किल्ली फिरवल्यावर स्टार्टर मंद कण्हतो, नुसता ‘टक्’ वाजतो, की जोमाने फिरूनही इंजिन पेट घेत नाही? पहिल्या दोहोंत दोष बहुधा विजेचा. तिसऱ्यात इंधनाचा वा ठिणगीचा, डिझेल गाडीत ग्लो प्लगचाही. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातले तेल घट्ट होते. म्हणून दुपारी दडलेला दोष पहाटे उघडा पडतो. विसावलेल्या निरोगी बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. स्टार्टर फिरताना तो साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरीवर संशय घ्यावा. मात्र टर्मिनलवरचा थर आणि अर्थची तार त्याआधी तपासावी. मी स्वतः ती न पाहता नवी बॅटरी घेतली होती (वैद्याला स्वतःचे निदान नेहमीच अचूक वाटते!). चौथ्याच पहाटे, धाप लागलेले अर्भक नागपूरला न्यायचे असताना, गाडी पुन्हा मुकी झाली. शेजाऱ्यांच्या जीपने बाळ वेळेवर पोहोचले. तारेचा गंज नंतर दहा मिनिटांत, पॉलिश पेपरने निघाला.