'नवीन घ्या' हे काही निदान नव्हे

"रिपेअर नाही होणार साहेब, नवीन घ्या."

हे वाक्य गेल्या वर्षभरात तुम्ही किती वेळा ऐकलंत? मिक्सर, मोबाइल, वॉशिंग मशीनचं कार्ड, ऑफिसच्या बॅगेची चेन... यादी तुमची तुम्हीच करा. नवीन घेण्याला माझा आक्षेप नाही. मलाही नव्या वस्तूचा खोका उघडायला आवडतं. आक्षेप एवढाच आहे की हे वाक्य म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा ती वस्तू उघडूनसुद्धा बघितलेली नसते. डॉक्टरने नाडी न बघता "घरी न्या" म्हणावं, तसला प्रकार. आणि आपण, चार-चार वर्षं इंजिनिअरिंग केलेली माणसं, मान डोलावून ईएमआयचा हिशेब करायला बसतो.

आजचं उदाहरण मात्र मिक्सरचं नाही, होडीच्या इंजिनाचं आहे. हो, होडीच्याच. डोंबिवलीत लोकल आणि रिक्षा सोडून दुसरं काही चालतं यावर विश्वास नसेल तर एखाद्या रविवारी पश्चिमेला मोठागावच्या खाडीवर जाऊन या. २०२५ मध्ये माणकोलीचा पूल सुरू झाल्यापासून आपण ती खाडी गाडीच्या काचेतून दोन मिनिटांत ओलांडतो, त्यामुळे खाली पाणी आहे आणि त्या पाण्यावर कुणाचं पोट आहे हे विसरायला होतं.

माझ्या शाळेतल्या मित्राचे काका खाडीत फायबरची छोटी होडी घेऊन जातात. बोईट, कोळंबी, चिंबोरी, जे मिळेल ते. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं आउटबोर्ड इंजिन: दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, माझ्या दहावीच्या वेळेला घेतलेलं. मध्यंतरी ते भर खाडीत जाम झालं. काका वल्ही मारत परत आले. खालच्या सिलिंडरला ओरखडे पडले होते. एका अधिकृत विक्रेत्याकडे (नाव जाऊ दे) विचारलं, तर फोटो बघून उत्तर आलं: "ब्लॉक गेला. जुनं मॉडेल आहे. नवीन इंजिन घ्या." फोटो बघून! नव्या इंजिनाचा आकडा लाखाच्या पुढे. रोजच्या मासळीवर घर चालवणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकवणं म्हणजे "धंदा बंद करा" हे सभ्य भाषेत सांगणं.

मग मित्र मला म्हणाला, "तू मेकॅनिकलचा ना रे? चल." मी मेकॅनिकलचाच. म्हणजे डिग्रीपुरता. पगार जावा लिहिण्याचा मिळतो. आमच्या वर्गातले निम्म्याहून जास्त लोक आज हेच करतात. पण ब्लॉक घेऊन कल्याणच्या एका गल्लीतल्या बोअरिंगच्या दुकानात गेलो आणि चार वर्षांत कुणी शिकवलं नाही ते दोन तासांत बघायला मिळालं.

आधी इंजिन जाम का होतं ते समजून घेऊ. आउटबोर्डला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. इंजिनाचा खालचा भाग पाण्यात असतो, तिथून एक रबरी पात्यांचा इम्पेलर खाडीचंच पाणी वर खेचतो आणि ते सिलिंडरभोवती फिरून बाहेर पडतं. इंजिनाच्या बाजूने एक बारीक धार सतत उडत असते. ती उडतेय तोवर सगळं ठीक. आता आपल्या खाडीत पाण्याबरोबर काय काय असतं? गाळ, मीठ आणि तुम्ही-आम्ही टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. पिशवी तोंडावर बसली, पाणी बंद. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि तो ज्यात फिरतो ते लायनर सहसा बिडाचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. दोघांमधली फट केसाच्या जाडीएवढी, ती संपते, तेलाचा थर फाटतो आणि पिस्टन भिंतीला घासत घासत अडकतो. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, साधारण पन्नास भागांना एक भाग. पैसे वाचवायला त्यात हात आखडता घेतला तरी हाच शेवट.

तर कारागिराने पहिली गोष्ट कोणती केली? मत दिलं नाही. मोजलं.

बोअर गेज घेऊन सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजला. सहा आकडे. त्यावरून कळतं की भोक अजून गोल आहे की अंडाकृती झालंय, आणि वरून खाली सारखं आहे की निमुळतं. मग ओरखड्यांवर नख फिरवलं. पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला नुसतं चिकटलंय की बिडातच खाच पडलीय, हा खरा प्रश्न. नुसतं चिकटलं असेल तर ते काळजीने काढून होनिंग केलं की काम होऊ शकतं. खाच असेल तर सिलिंडर थोडा मोठा कापायचा, पाव किंवा अर्धा मिलिमीटर, आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा घालायच्या. कंपन्या असे पिस्टन मुद्दाम बनवतात, कारण सिलिंडर झिजणार आणि तो कापून वापरला जाणार हे डिझाइन करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं! आणि खाच त्याहून खोल असेल तरी खेळ संपत नाही. जुनं लायनर कापून काढायचं, ब्लॉक तापवून नवं बसवायचं, ब्लॉक गार झाला की तो लायनरला घट्ट धरतो.

काकांच्या सिलिंडरला अर्धा मिलिमीटर लागला. कापून झाल्यावर होनिंगने भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी काढली, कारण आरशासारख्या गुळगुळीत भिंतीवर तेल थांबत नाही. पोर्टच्या कडा हलक्या घासल्या, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. आणि शेवटी त्याने जे सांगितलं ते आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावायला हवं: इम्पेलर बदला आणि पाण्याच्या वाटांतलं मीठ साफ करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा याल. आमच्याकडे याला रूट कॉज ॲनालिसिस म्हणतात, त्यासाठी मीटिंग लागते आणि मीटिंगनंतर सर्व्हर रीस्टार्ट करतात. :)

एकूण खर्च नव्या इंजिनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत.

आता मुद्द्यावर येतो. या कामाला आपण काय म्हणतो? 'जुगाड'. मला या शब्दाची चीड आहे. शतांश मिलिमीटरमध्ये मोजून केलेल्या कामाला जुगाड म्हणणं हा त्या माणसाचा अपमान आहे. जुगाड वेगळा. ओरखड्यांवर पॉलिश पेपर मारायचा, जुन्याच रिंगा घालायच्या, "चालतंय ना" म्हणायचं आणि माणसाला भरतीच्या वेळी खाडीत पाठवायचं, हा जुगाड. तोही मला तेवढाच नापसंत आहे. "फेकून द्या" म्हणणारा आणि "चालतंय ना" म्हणणारा, दोघेही एकाच जातीचे. दोघांनीही मोजलेलं नसतं.

"अरे, पण टू-स्ट्रोक प्रदूषण करतं!" असं कुणीतरी म्हणणारच. बरोबर आहे. जुन्या कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा बराच भाग न जळताच बाहेर पडतो, आणि आपली ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे. ही इंजिनं एक दिवस जायला हवीत. पण कशी? परवडणारा पर्याय देऊन, की सुटा भाग न देऊन? दुसरा रस्ता पर्यावरणाचा नाही, विक्रीच्या टार्गेटचा आहे. आणि फोर-स्ट्रोक आणलंत तरी त्यालाही सिलिंडर असतो, आणि खाडीतलं मीठ-प्लास्टिक त्यालाही सोडणार नाही.

"कंपनी असताना गल्लीतल्या माणसाकडे कशाला?" हा दुसरा प्रश्न. कंपनी कायम असते असं समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या माणसाने अमेरिकेत मिलवॉकीला गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात आउटबोर्ड इंजिनाचा धंदा उभा केला. त्याच्या नावाचा ब्रँड शंभर वर्षांहून जास्त टिकला. मधली मालक कंपनी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, ब्रँड दुसऱ्याकडे गेला, आणि मे २०२० मध्ये नव्या मालकाने या इंजिनांचं उत्पादनच थांबवलं. पण जगभर त्या नावाची इंजिनं अजून पाण्यात आहेत. इंजिन जगतं, कंपनी जाते. मग त्या इंजिनाचं ज्ञान फक्त कंपनीच्या कपाटात ठेवून कसं चालेल?

म्हणूनच अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शेतीच्या यंत्रांचे भाग, मॅन्युअल आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकला द्यायला कंपन्यांना भाग पाडलं. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल सुरू केलं. सुरुवातीला क्षेत्रं चार धरली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. चांगली सुरुवात आहे. पण त्या चारांत होडीचं इंजिन नाही, आणि पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. लांबलचक किनारा मिरवणाऱ्या राज्याने तरी हा पाचवा विषय लावून धरायला नको का?

आपल्या भागाला तर याची जास्तच गरज आहे. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला. उद्या आपण डोंबिवलीहून ठाण्याला बोटीने जाऊ म्हणतात. जाऊया की! पण त्या बोटींची इंजिनं कोण दुरुस्त करणार? दुर्गाडीच्या पायथ्याशी शिवरायांच्या आरमाराची सुरुवात झाली याचे बॅनर आपण दरवर्षी लावतो. त्याच कल्याणात आज एक सिलिंडर नीट कापणारा माणूस शोधायला आम्हाला तीन दुकानं फिरावी लागली. ठाण्याची वागळे इस्टेट ही १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीची पहिली वसाहत. जिथे लेथ फिरायचे तिथे आज आयटी पार्कच्या काचा आहेत. त्या काचेच्या आतलाच मी एक, त्यामुळे आयटीला शिव्या घालणार नाही. पण लेथ गेला की त्याच्याबरोबर हाताला मोजायची सवय असलेला माणूसही जातो, आणि तो परत आणायला ॲप निघत नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांना तर हे वेगळं सांगायला नको. जुना कोड दिसला की "फेका, नव्याने लिहू" म्हणणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो. नेटस्केपने १९९८ मध्ये तेच केलं. ब्राउझर नव्याने लिहायला घेतला, पाचवी आवृत्ती आलीच नाही, थेट सहावी आली ती २००० मध्ये. तोवर बाजार मायक्रोसॉफ्टने खाल्ला होता. जुन्या कोडमधली प्रत्येक विचित्र ओळ कुठल्यातरी जुन्या दुखण्यावरचं औषध असते. न वाचता ती उडवणारा आणि फोटो बघून ब्लॉक मोडीत काढणारा, दोघांत मला तरी फरक दिसत नाही.

असो. मग करायचं काय? तीन साध्या गोष्टी. एक, "नवीन घ्या" ऐकलं की विचारा: "उघडलंत का? मोजलंत का? किती भरलं?" आकडा नसेल तर ते निदान नाही, जाहिरात आहे. दोन, दुरुस्ती करणाऱ्याशी घासाघीस करू नका. कॉफीला तीनशे रुपये देताना जीभ चालत नाही आणि बोअरिंगच्या दोनशेसाठी आपण पंधरा मिनिटं भांडतो. या कामात पैसा दिसला नाही तर त्याचा मुलगा लेथवर उभा राहणार नाही, आणि का राहावा? तीन, मॅन्युअल आणि सुटे भाग मागा: विक्रेत्याकडे, कंपनीकडे, त्या पोर्टलवर, आणि मत मागायला येणाऱ्या नगरसेवक-आमदाराकडेही. वस्तू आपल्या पैशाची आहे. ती उघडायचा हक्क मागताना लाजायचं कारण नाही.

आणि मेकॅनिकलच्या डिग्र्या कपाटात ठेवून कोडिंग करणाऱ्या माझ्या तमाम भावंडांनो, कधीतरी एक शनिवार काढा आणि जवळच्या बोअरिंगच्या दुकानात नुसते उभे राहा. बोअर गेजचा काटा कसा वाचतात ते विचारा. मॉलपेक्षा स्वस्त पडतं, आणि "इंजिनिअर" या शब्दाचा अर्थ तरी एकदा नीट कळेल.